रेघेखालचे सहा रकाने

सोमवार, ३ मार्च

ही आज शिकवणी संपवून लांबच्या रस्त्याने घरी आली. गाडीच्या मीटरवर अडीच किलोमीटर जास्त होते. कारण विचारलं. म्हणाली, "जवळच्या रस्त्यावर स्पीडब्रेकर फार आहेत." स्पीडब्रेकर बारा वर्षं तिथेच आहेत. तसं तिला सांगितलं. तिने चाव्या खुंटीला लावल्या आणि उभ्याउभ्याच पाणी घेतलं.

हिचं वय त्रेसष्ट. तीस वर्षं लोकांना गाडी शिकवते आहे. ती शेजारच्या सीटवर बसते आणि तिच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. घरातही तो आहे असं मला अनेकदा वाटतं.

गुरुवार, ६ मार्च

पोटात खाली डावीकडे दुखतं म्हणाली. ताप पाहिला. ९९.२. म्हणजे नाही. थर्मामीटर खरा आहे. मी तो कोमट पाण्यात दुसऱ्या दोन थर्मामीटरांशी ताडून पाहिला. पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं दाबाची मीटरं तपासली. कुठल्या काट्यावर विश्वास ठेवायचा, हे मला कळतं.

ताप नाही त्या अर्थी आत काही चिघळलेलं नाही. तिला तसं सांगितलं.

"बरं," ती म्हणाली. "पोटाला कळवते."

मंगळवार, ११ मार्च

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. सहा दिवसांचा ताप मी दिवसातून तीनदा घेऊन तक्ता केला होता. एकदाही शंभरच्या वर नाही. डॉक्टरांनी तक्ता पाहिला आणि असे पेशंट मिळायला हवेत म्हणाले. पोट वरवर दाबलं. "ताप नाही, उलटी नाही. आतड्याचं असेल. या वयात होतं." गोळ्या दिल्या, पालेभाज्या सांगितल्या.

घरी येताना तिने कमरेचा पट्टा एक भोक आत घेतलेला दिसला. बारीक झालीस म्हणून मी तिचं अभिनंदन केलं.

शुक्रवार, १४ मार्च

दुपारी गाडी दाराशी आली ती वेडीवाकडी. एक चाक फुटपाथवर. चालवत होती हिची विद्यार्थिनी, बँकेत काम करते ती. अजून लायसन्स नाही. ही शेजारच्या सीटवर, डोळे मिटून.

"मॅडमनी चौकात ब्रेक दाबला आणि म्हणाल्या, आता तू गाडीत एकटीच आहेस असं समज आणि मला घरी ने," ती मुलगी रडत सांगत होती. "मी सहा सिग्नल पार केले, काका."

"पाच," ही डोळे न उघडता म्हणाली. "आणि एक लाल होता."

तशीच गाडी हॉस्पिटलला नेली. नाडी ११८. रक्तदाब खाली. ताप ९९.६.

दाखल करताना सिस्टरनी लांबलचक कागद भरला. वय, वजन, आधीची दुखणी. मग विचारलं, "पाळी?"

"बंद. बारा वर्षं झाली," ही म्हणाली.

सिस्टरनी त्या रकान्यात 'बंद' लिहिलं आणि पट्टी लावून खालच्या सहा रकान्यांवर एक आडवी रेघ ओढली. पुढचं विचारायची गरज नाही, अशी इथली पद्धत आहे. एका रेघेत सहा प्रश्न वाचले. कामात चोख बाई. मी तसं बोलूनही दाखवलं.

ही म्हणाली, "सिस्टर, त्या रकान्यांत काय होतं?"

"काही नाही मावशी, ते तरुण बायकांचं."

हिने माझ्याकडे एकदा पाहिलं.

मी ताप नसल्याचं सिस्टरच्या लक्षात आणून दिलं. त्या म्हणाल्या, "काका, वय झालेल्या माणसांना ताप येतोच असं नाही. आत आग लागली तरी धूर दिसत नाही." मग मी तक्ता घडी घालून खिशात ठेवला.

शनिवार, १५ मार्च

सोनोग्राफी झाली. गर्भाशयाच्या डाव्या अंगाला नऊ सेंटीमीटर बाय सात सेंटीमीटर. मी माझी मूठ मोजली. मूठ लहान आहे.

इथल्या डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या आहेत, हळू बोलतात. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. गर्भाशय, त्याच्या दोन नळ्या, टोकाला अंडाशय. डावी नळी आणि डावं अंडाशय मिळून एकच गोळा झाला आहे आणि तो आतड्याला चिकटला आहे.

"आत पू असेल, किंवा गाठ असेल, किंवा दोन्ही," त्या म्हणाल्या. "तरुण बाई असती तर मी सरळ पू म्हटलं असतं. पाळी बंद झालेल्या बाईला इथे पू होतो कुठून, हा प्रश्न पडतो. म्हणून गाठ धरून चालावं लागतं."

"गाठ म्हणजे कर्करोग का?" मी विचारलं.

"धरून चालते आहे. म्हणत नाही."

गर्भाशयात एक पांढरी रेघही दिसते आहे. रिपोर्टमध्ये 'चुन्याचा साठा' असं लिहिलं आहे. या वयात होतं म्हणे. सीटी स्कॅनचं यंत्र दुरुस्तीला गेलं आहे, ते आल्यावर नीट दिसेल. तोवर सलाइनमधून दोन औषधं चालू.

दोन्ही मुली परगावी. फोनवर थोरली रडली. धाकटीने रिपोर्टचा फोटो मागवला. थोरली माझ्यावर गेली आहे हे मला आज प्रथम कळलं.

रविवार, १६ मार्च

मेहुणी आली. हिची धाकटी बहीण, एकसष्ट वर्षांची, पण हिच्यापुढे अजून फ्रॉकमधली. आल्या आल्या दोघींची कुजबुज सुरू. मी आत गेलो की थांबते.

"भावोजी, चहा आणता का जरा?"

चहा आणला. अर्ध्या तासाने पुन्हा, "भावोजी, चहा." दिवसभरात पाच वेळा कँटीनच्या पायऱ्या चढलो-उतरलो. कुणी दोन घोटांवर चहा प्यायलं नाही. तहान नसताना चहा का मागवतात, हा बायकांचा स्वभाव मला कळलेला नाही.

दुपारी ही झोपली असताना तिचे श्वास मोजले. मिनिटाला बावीस. पुन्हा मोजले. बावीस. तिसऱ्यांदा मोजायची काही गरज नव्हती.

सोमवार, १७ मार्च

रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी व्हायच्या ऐवजी वाढल्या. औषध लागू नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थांबण्यात धोका आहे, हा गोळा आत फुटला तर तास मोजावे लागतील. बुधवारी ऑपरेशन. पोट उघडून गर्भाशय, नळ्या, अंडाशयं सगळं काढायचं. चिकटलेलं आतडंही काही कापावं लागेल. मग पोटाला पिशवी लावतील. काही महिने, किंवा कायमची.

हिने एकच विचारलं. "पिशवी लावल्यावर सीटबेल्ट कुठून घ्यायचा?"



नंतर बाहेरच्या बाकावर मेहुणी माझ्याजवळ बसली. चहाचं नाव काढलं नाही. बराच वेळ पदराचा काठ बोटाला गुंडाळत होती. मग म्हणाली, "भावोजी, तुम्हाला तिसरं फार हवं होतं ना?"

ही काही विचारायची वेळ नव्हती, पण खोटं बोललो नाही. हवं होतं, म्हटलं. झालं नाही.

"तुम्ही ताईला कधी बोललात का त्यावरून?"

"एक अक्षर नाही."

ती रडायला लागली. मी पाण्याची बाटली पुढे केली.

तिला सांगितलं नाही ते इथे लिहून ठेवतो. धाकटी दोन वर्षांची झाल्यावर तीन वर्षं वाट पाहिली. मग एकदा कामावरून परस्पर एका लॅबमध्ये जाऊन माझी तपासणी करून घेतली. सगळं ठीक निघालं. म्हणजे उणीव हिच्यात होती. ते तिला कळलं तर ती खचेल म्हणून रिपोर्ट फाडून टाकला, आणि "आता दोनच पुरे" असं मीच आपणहून म्हटलं. ती किती पटकन 'हो' म्हणाली होती. मला तेव्हा तिची दया आली होती. आयुष्यात मी एक मोठेपणाची गोष्ट केली असेल तर ती ही.

मंगळवार, १८ मार्च

ताप ९९.४. नाडी ११०. आज यापुढे लिहीत नाही.

बुधवार, १९ मार्च

काल जे झालं ते आज लिहितो.

सकाळी सिस्टरनी ऑपरेशनचा संमतीचा कागद आणला. नवऱ्याचीही सही हवी. मी खाटेशेजारच्या टेबलावर कागद ठेवून सही करत होतो. नाव लिहून झालं होतं, आडनाव राहिलं होतं. डॉक्टरीणबाई तेवढ्यात राउंडला आल्या.

"थांबा," ही मला म्हणाली. "सही करू नका. डॉक्टर, एक सांगायचं राहिलंय."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मेहुणी लगेच उठली. "भावोजी, आपण जरा चहा..."

"नको आता चहा," ही म्हणाली. "पुरे झाला तो. बसा तुम्ही. तुमच्यासमोरच सांगते."

मी बसलो नाही.

"मला तांबी बसवलेली आहे," ती म्हणाली. "धाकटी दोन वर्षांची असताना. एकतीस वर्षं झाली. ती काढलेली नाही."

तांबी म्हणजे मूल राहू नये म्हणून गर्भाशयात बसवतात ते तांब्याचं छोटं साधन. हे मला माहीत होतं. आमच्या घरात एक आहे हे माहीत नव्हतं.

डॉक्टरीणबाई खाटेच्या कडेला बसल्या. राउंडवर असताना डॉक्टर कधी बसत नाहीत.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"कुणी विचारलं नाही. आणि विचारलं असतं तरी हे समोर होते."

"काढली का नाहीत?"

"दर वर्षी जाईन जाईन म्हणत होते. ज्या बाईंनी बसवली त्या गाव सोडून गेल्या. मग पाळी बंद झाली. वाटलं, आता तिचं तरी काय काम. तीही बंद पडली असेल."

डॉक्टरीणबाईंनी दाखल करतानाचा कागद मागवला. सहा रकाने, त्यांवर पट्टीने ओढलेली रेघ. त्यांतला तिसरा रकाना होता: मूल न होण्यासाठी काही साधन? त्या कागद हातात धरून राहिल्या. शेजारी सिस्टर उभ्या होत्या, त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"चार दिवस हा कागद माझ्याही समोर होता," त्या म्हणाल्या. "मीही नाही विचारलं."

पोटाचा साधा एक्स-रे काढायला दहा मिनिटं लागली. मला दाखवला. कण्याच्या खाली, मधोमध, पांढरंशुभ्र इंग्रजी 'टी' अक्षर. सुबक, रेखीव, मापात. चुना नव्हता तो.

ऑपरेशन रद्द झालं. म्हणजे पोट उघडायचं रद्द झालं. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा चित्र काढलं. अशी वस्तू फार वर्षं आत राहिली की एक जंतू तिच्या आश्रयाने वाढतो. हळू वाढतो, आजूबाजूचं सगळं चिकटवून टाकतो. बाहेरून हुबेहूब कर्करोगासारखा दिसतो. त्याला साधं जुनं पेनिसिलिन मारतं, पण ते भरपूर लागतं आणि महिनोन् महिने लागतं. तोच असेल तर पोट उघडण्याची गरज नाही, सुईने पू काढता येईल. "असेल तर," त्या दोनदा म्हणाल्या.

त्या गेल्यावर आम्ही दोघंच होतो. मेहुणी दाराबाहेर पाठ करून उभी.

ही म्हणाली, "मला तेव्हा नुकतं लायसन्स मिळालं होतं. शिकवायचं काम मिळणार होतं. तुम्ही पाळणा माळ्यावरून काढून त्याचे स्क्रू आवळत होतात."

"ते ढिले झाले होते," मी म्हणालो. मला एवढंच सुचलं.

"नको म्हटलं असतं तर तुम्ही ऐकलं असतंत. पण वर्षभर तोंड पाडून बसला असतात. तेवढं एक वर्षसुद्धा मला परवडणारं नव्हतं."

मी बाहेर आलो.

आज सकाळी सोनोग्राफीवर पाहत पाहत पोटात सुई घातली, मग नळी. दोनशे दहा मिलिलिटर पू. मी बाटलीवरच्या खुणा स्वतः वाचल्या. पुवात बारीक पिवळे दाणे होते, वाळूसारखे. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर चार दिवसांत पहिल्यांदा रंग होता. "हे दाणे त्या जंतूचेच," म्हणाल्या. "लॅबकडून पक्कं होईल, पण मी पेनिसिलिन आत्ताच सुरू केलं." दुपारी तांबीही काढली. पाच मिनिटांचं काम. काळी पडली होती.

"काल बाई बोलल्या नसत्या," त्या मला म्हणाल्या, "तर आत्ता मी त्यांचं आतडं कापत असते."

गुरुवार, २० मार्च

मी रागावलेलो नाही. फक्त बोलत नाही.

मेहुणी म्हणाली, "भावोजी, रुसायचं असेल तर ताई घरी आल्यावर रुसा, मी जागा धरून ठेवते. आत्ता तिला पाणी द्या, माझे हात भरलेत." तिच्या हातात फक्त एक केळं होतं.

पाणी दिलं. हिने ग्लास घेताना माझं बोट धरून ठेवलं. मी सोडवलं नाही. म्हणजे बोलणं नाही असं म्हणता येणार नाही.

नाडी ९६.

शनिवार, २२ मार्च

नाडी ८२. पांढऱ्या पेशी निम्म्यावर. बाटलीत कालपासून फक्त वीस मिलिलिटर. लॅबकडून पक्कं झालं: तोच जंतू.

आज हिने खायला मागितलं. आल्यानंतर पहिल्यांदा. दोन उकडलेली अंडी, पाव आणि माझ्या ताटातलं अर्धं. मग सिस्टरला गाडी शिकवायला सुरुवात केली, खाटेवरून. "क्लच हळू सोडायचा. नवऱ्याचं ऐकून घेतल्यासारखं करतो ना, तसा."

सिस्टर हसत गेल्या. मला वाटलं, हीच वेळ. मी दार लोटून तिला लॅबची गोष्ट सांगितली. तपासणी, फाडलेला रिपोर्ट, 'आता दोनच पुरे'. तिला वाचवायला मी काय केलं ते.

ती ऐकत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते.

"म्हणजे," तिला धड बोलता येईना, "म्हणजे मी सदोष माल आहे असं समजून तुम्ही मला तीस वर्षं सांभाळून घेतलंत?"

"तसं नाही."

"तसंच! म्हणून मी पातेलं जाळलं की म्हणायचात, असू दे, असू दे!"

"ते वेगळं..."

"आणि मी मेली तीस वर्षं मनात कुढते आहे, किती चांगला माणूस, एवढं हवं होतं आणि कधी एका शब्दाने बोलला नाही!"

नळी ओढली गेली, ती कळवळली, आणि कळवळत हसत राहिली. सिस्टर धावत आल्या. "मावशी, हसू नका, टाका तुटेल." मलाही तोवर आवरेनासं झालं होतं. सिस्टरनी मला बाहेर काढलं. चार जणांच्या देखत. मी बाकावर एकटाच बसून हसत होतो.

शनिवार, २९ मार्च

घरी आणलं. नळी काढली. गोळा तीन सेंटीमीटर. पेनिसिलिनची इंजेक्शनं रोज घरी येऊन सिस्टर देणार, नंतर सहा महिने गोळ्या. गाडी मी चालवली. ती शेजारी. तिने सबंध रस्त्यात चार वेळा ब्रेक दाबला. एकदाही गरज नव्हती.

शनिवार, १२ एप्रिल

बुधवारी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, पू गेला, ही पहिली बाजू जिंकली. पण पाळी बंद झालेल्या बाईत एवढं झाल्यावर उरलेल्या नळ्या आणि अंडाशयं आत ठेवणं बरं नाही. या जंतूच्या आड कधी कधी खरी गाठ लपलेली असते. सूज उतरली की मे महिन्यात दुर्बिणीतून, छोट्या छिद्रांतून, ती काढू आणि तपासायला पाठवू.

"आतडं?" हिने विचारलं.

"आतड्याला हात लावणार नाही. ते सुटलंय."

माझ्या मनात मात्र ती 'लपलेली' बसली. तीन दिवस घरातली सगळी घड्याळं जुळवतो आहे. काल ही म्हणाली, "या घरात आता मिनिटाचासुद्धा घोटाळा राहिलेला नाही. येऊन बसा इथे." बसलो. टीव्ही चालू होता. काय लागलं होतं ते आठवत नाही.

बुधवार, १४ मे

ऑपरेशन झालं. सव्वा तास. तीन छिद्रं, प्रत्येक एक सेंटीमीटरहून कमी. पिशवी नाही. संध्याकाळी ती कॉरिडॉरच्या टोकापर्यंत जाऊन आली. बेचाळीस पावलं. मी मागून मोजत होतो हे तिला माहीत होतं. परतताना मुद्दाम छोटी पावलं टाकून तिने हिशोब बिघडवला.

आता आठ दिवस रिपोर्टची वाट.

सोमवार, १९ मे

रिपोर्ट नाही. तिला काही झालं तर मला भाजीची चाळणी कुठल्या कपाटात आहे तेही माहीत नाही. हे काही कारण नव्हे. पण आज दुपारी चाळणी शोधत उभा होतो आणि उभाच राहिलो.

गुरुवार, २२ मे

कर्करोग नाही.

डॉक्टरीणबाईंनी फोनवर आधी तिलाच सांगितलं. ती स्वयंपाकघरात होती. मी दारात. तिने ऐकलं, 'बरं' म्हणाली, पुन्हा 'बरं' म्हणाली, फोन ठेवला आणि माझ्याकडे वळून दोन्ही हात वर केले, शर्यत जिंकलेल्या माणसासारखे. एका हातात झारा होता.

मी खुर्चीत बसलो.

"अहो, रडताय काय? मोजा की काहीतरी," ती म्हणाली. मग माझं डोकं तिने पोटाशी धरलं, जपून, टाक्यांच्या वरच्या बाजूला.

मुलींना फोन केले. मेहुणी म्हणाली, "आता रुसा भावोजी, मोकळी आहे जागा." इच्छा राहिली नाही असं कळवलं.

मंगळवार, १० जून

हिचं काम सुरू होऊन आठवडा झाला. बँकेतली ती मुलगी शुक्रवारी परीक्षा पास झाली. लाल सिग्नलला थांबली म्हणे.

आज हॉस्पिटलमध्ये सिस्टरांसमोर बोलायला डॉक्टरीणबाईंनी हिला बोलावलं होतं. दाखल करायचा कागद त्यांनी बदलला आहे. 'बंद' लिहून रेघ ओढायची पद्धत गेली. आता प्रत्येक बाईला, वय काहीही असो, विचारायचं: आत कधी काही बसवलं होतं का? ते काढल्याचं आठवतं का? आणि हे एकटीला विचारायचं, घरच्यांना बाहेर पाठवून.

तीस-पस्तीस सिस्टर असतील. मी मागच्या रांगेत. ज्यांनी रेघ ओढली होती त्या सिस्टर पहिल्या रांगेत, वही उघडून.

ही पाच मिनिटं बोलली. दुखण्याविषयी थोडं, न बोलण्याविषयी जास्त. म्हणाली, "पाळी बंद झाली म्हणजे बाई बंद झाली असं नसतं. गाडी उभी केली म्हणून डिकीतलं सामान उतरत नाही. डिकी उघडून बघावी लागते."

एकीने विचारलं, "मावशी, काकांना खरंच माहीत नव्हतं?"

"ते मागे बसलेत. त्यांनाच विचार."

सगळ्या वळल्या. मला उभं राहावं लागलं. "नव्हतं," मी म्हणालो. "पण ताप किती होता ते विचारा. सहा दिवसांचा सांगतो."

इतकं हसू झालं की पुढचं बोलता आलं नाही, आणि पुढचं माझ्याकडे नव्हतंही. टाळ्या वाजल्या त्या हिला. मीही वाजवल्या, उभ्यानेच.

बाहेर पडताना दाराशी वॉर्डातली एक आयाबाई उभी होती. पन्नाशी कधीच ओलांडलेली, हातात रिकामा ट्रे. ती दाराआडून ऐकत असावी. तिने हिची बाही धरली. "ताई, मलाही बसवली होती. मुलगा झाल्यावर. तो आता तीस वर्षांचा आहे. काढली का ते आठवत नाही." मग हळूच, "खाली जड वाटतं हल्ली. मी म्हटलं, कामाने असेल."

हिने ट्रे तिच्या हातातून काढून माझ्याकडे दिला आणि तिला सरळ डॉक्टरीणबाईंच्या खोलीत घेऊन गेली. दार लागलं.

मी ट्रे घेऊन बाकावर बसलो. थोड्या वेळाने फाटकावरचा चौकीदार घाईघाईने आला. आयाबाईचा नवरा. शेजारी बसला, टोपी मांडीवर.

"हिला आत का नेलंय? काय झालंय?"

"मला सांगता येणार नाही," मी म्हटलं. "तुम्ही विचारलंत का तिला?"

"सकाळीच विचारलं. बरं नाही का म्हणून. म्हणाली, काही नाही."

"मग?"

"मग काय, काही नाही म्हणाली."

मी त्याच्याकडे पाहिलं. भला माणूस होता. बूट चकचकीत, शर्टाची सगळी बटणं लावलेली.

"पुन्हा विचारा," मी म्हटलं. "आणि ती काहीही म्हणाली तरी तोंड पाडू नका."

त्याने टोपी घातली. मग उठला, दारापर्यंत गेला आणि ठोठावलं.